आस

जाळ्याच्या भोकाला आमच्यात आस म्हणतात.
ती बोटांवर मोजायची. तारलीला एक बोट,
बांगड्याला दोन, सुरमईला पंजा लागतो.
चाळीस वर्षं दांडीच्या वाळूत बसून
मी आस विणली, फाटली तिथे सांधली,
प्रत्येक आसेच्या कोपऱ्याला गाठ मारली.

म्हणून डॉक्टर शाहीन मुकादम
माझ्या मानेवर बोट ठेवून "गाठ आहे" म्हणाल्या
तेव्हा मी विचारलं, कसली?
सुटणारी, की ओल्यात आवळून बसलेली?
त्या हसल्या नाहीत. केसपेपर पालथा घातला
आणि पेनाने मला पेशी काढून दाखवली.

पेशीला म्हणे आपलं मरण ठाऊक असतं.
आत कुजलं की ती स्वतःला उसवते,
तेवढा एक शब्द तिच्या पोटात लिहिलेला असतो.
माझ्या गाठीतल्या पेशी तो विसरल्या.
विष दिलं तर घाव बांधतात
आणि पुन्हा वाढायला बसतात.
आता तोच शब्द आत पाठवायचा,
सर्दीच्या विषाणूच्या पाठीवर, त्याचे दात काढून.
मग तीन दिवसांनी सलाईनमधून औषध.

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
खाऱ्या पाण्यात बसलेली गाठ
ओढून सुटत नाही, धागा तुटतो.
आधी तिच्यात सुईचं टोक घालायचं,
गोडं पाणी सोडायचं, अंगठ्याने चोळायचं,
थांबायचं.
मग ओढ.

कुपी आली ती धुरकटणाऱ्या बर्फातून,
पेटीवर तारीख, वेळ, चौघांच्या सह्या.
गुणवंती बघत राहिली. म्हणाली,
"आमच्या सरंग्याक इतको बर्फ गावलो असतो
तर सांजेपर्यंत टिकलो असतो."
सुई मानेत गेली. मी छताकडे पाहिलं.
पंख्याला एक पातं कमी होतं.

रात्री ताप, हुडहुडी, खाट पाण्यावर.
चौथ्या दिवशी सलाईन,
आणि तोंडात जुन्या नाण्याची चव.
गुणवंती जवळ आली की मी तोंड फिरवायचो.
पस्तीस वर्षं ज्या वासावर घर चाललं
तोच तिच्या हातांचा वास सोसवेना.
ती लिंबाने हात घासायची, मग राखेने,
आणि तरीही दारातच उभी राहायची.

शेजारच्या खाटेवर इस्माईल वस्ता, मिरकरवाड्याचा.
गाठ तेवढीच, बाजूही तीच.
संगणकाने चिठ्ठी काढली:
मला दोन्ही, त्याला नुसतं सलाईन.
"तुला तो सर्दीवाला दिला?"
दिला.
"सर्दी झाली?"
नाही.
"मग फसवलं तुला."
हसता हसता त्याला ठसका लागला,
तो बराच वेळ थांबला नाही.

रापणीत असं नसतं. दोराला हात लावला
की वाटा पडतो, पोराचा अर्धा का होईना,
म्हाताऱ्याचाही.
डॉक्टर म्हणाल्या, दोन ताटं शेजारी ठेवल्याशिवाय
कळणार कसं? खरं आहे.
पटतं मला. फक्त झोप येत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर फोटो काढला.
आवळ्याएवढी होती ती करवंदाएवढी झाली.
गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, बघू म्हणतात.
वाऱ्याबद्दल आम्हीही तेवढंच बोलतो.
इस्माईलची आहे तिथेच आहे.
त्याने एसटीतून गोणी पाठवली:
त्याचं जाळं, एका अंगाने फाटलेलं,
आणि चिठ्ठी. घाई नाही, असं लिहिलेली.

दुपारी ते मांडीवर घेऊन बसतो.
औषधाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत,
गाठ बसली की नाही मला कळत नाही.
गुणवंती वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसते,
वास माझ्याकडे येऊ नये म्हणून,
आणि मी मारलेली प्रत्येक गाठ
ओढून बघते.
बसली, म्हणते. फुडची मार.